मोज्याला इस्त्री

ता. ४ जून

चि. भिंगरीस, आजीचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले घट्ट मोजे घालते आहे, पण घोट्यावरची जखम भरायचं नाव घेत नाही. जन्मभर इस्त्रीच्या टेबलापाशी उभं राहून लोकांच्या सुरकुत्या काढल्या, आता माझ्याच पायावर दोरखंडासारख्या शिरा फुगल्यात. मोजे मात्र रोज धुऊन, कडक इस्त्री करून घालते. तुझ्याकडून आलेली वस्तू चुरगळलेली मला खपत नाही.

डॉक्टर म्हणतो, शीर आतून जाळून बंद करू. मी म्हटलं, नात येईल तेव्हा बघू. कधी येतेस?

लोभ आहेच, वाढवायला आता जागा नाही.

आजी

ता. १९ जून

ती. आजीस, शि. सा. न.

मोज्याला इस्त्री? अगं, त्याच्या ताणातच औषध होतं, ते तू भाजून काढलंस! नवी जोडी पाठवते आहे. सकाळी उठल्याउठल्या घाल, झोपताना काढ, पाय उशीवर ठेव. इस्त्री दाखवलीस तर माझ्याशी गाठ आहे.

यंदा कारखान्यात रजा नाही, आजी. मागून पाहिली. तू माझ्यासाठी थांबू नकोस. शेजारच्या शिंपीणकाकूंना बरोबर ने.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझी भिंगरी

ता. ५ ऑक्टोबर

चि. भिंगरीस, आशीर्वाद.

नवे मोजे न भाजता घातले, उशीवर पाय टाकून महाराणीसारखी लोळले. सूज उतरली, जखम तशीच. डॉक्टरने यंत्र फिरवून दाखवलं, शिरेतली झडप मिटत नाही, वर जायचं रक्त खाली घसरतं. मोजा दाबून धरील, झडप थोडीच दुरुस्त करणार?

शेवटी शिंपिणीला घेऊन गेले. पाय बधिर करून बारीक सुईवाटे शीर जाळली. डॉक्टरला म्हटलं, बेताने तापव, कापड पिवळं पडतं. शिंपिणीचा हात धरला होता. चांगली बाई आहे, पण हात तुझा नव्हता.

त्याच दिवशी पायी घरी आले. जखमेवर आता सायीसारखी कातडी धरते आहे. रोज चालायचं फर्मान आहे. तू जिथून गाडीत बसलीस, त्या थांब्यापर्यंत जाते. गाडी येते, माणसं उतरतात, मी परत फिरते.

तू उतरलीस की मग दुसरीकडे फिरायला जाईन.

लोभ आहे तिथेच आहे.

आजी