बाराच्या भोंग्यानंतर

प्रिय डेल्फीन,

काल दुपारी बाराचा भोंगा वाजला, मासेमारी खुली झाली, आणि मी तुझ्या बाबांच्या जाळ्यापुढे माझं जाळं सोडलं. माझं सगळं त्या क्षणी बिघडलं. आपल्या खाडीत पहिलं जाळं वयाने मोठ्याचं. शेंबडं पोरही हा नेम मोडत नाही. मी मोडला.

परवा धक्क्यावर त्यांनी चारचौघांत मला टोचलं होतं, "काय रे वॉरन, कॉलेज अर्ध्यात सोडलंस, जाळं तरी पुरतं ओढशील ना?" सगळे खदखदून हसले. मी कॉलेज कुणासाठी सोडलं? हंगामात चार मासे जास्त मिळाले तर ताठ मानेने तुला मागता येईल, म्हणूनच ना? डोकं फिरलं माझं. त्यांच्या वाटचे लाल सॅमन माझ्या जाळ्यात फडफडताना पाहिले तेव्हा आनंदच झाला, खोटं कशाला बोलू.

माझ्या जाळ्यात अडकलेलं त्यांचं जाळं सोडवायला त्यांनी बोट मागे घेतली. त्यांच्या बोटीचा मागे जायचा गिअर अडकतो, हे तूच मला ईस्टरला हसत सांगितलं होतंस. जाळं पंख्यात गुरफटलं, इंजिन बंद पडलं. ओहोटीने बोट दक्षिणेच्या खडकाळ, अरुंद चिंचोळीकडे ओढली आणि वरून धुकं उतरलं.

संध्याकाळी तुझ्या गॉर्डीमामांनी तुझ्या बाबांबद्दल विचारलं, "हार्लन दिसला का रे?" माझ्या तोंडून गेलं, "उत्तरेला गेले." रात्रभर सगळ्या बोटी उत्तरेला शोधत होत्या. आज सकाळी रेडिओवर खरं सांगून टाकलं. मामा एवढंच म्हणाले, "ऐकलं. आम्हाला यायला दोन तास. पाणी स्थिरावल्याशिवाय चिंचोळीत शिरू नकोस, पोरा." पोरा म्हणाले गं मला, अजूनही.

पाणी स्थिरावायला दीड तास आहे. आत्ता तिथे ओहोटी नुसती उकळतेय, तिचा आवाज इथवर येतोय. मी पेट्रोल भरलंय. थांबणार नाही.

एक गोष्ट मी रेडिओवर सांगितली नाही. बोट वाहायला लागली तेव्हा आमच्यात जेमतेम वीस हात पाणी होतं. ते ओरडले, "वॉरन, दोर फेक!" दोर माझ्या हातात होता. मी म्हणालो, "आधी डेल्फीनला द्यायला हो म्हणा, मग फेकतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुझ्या दोरापेक्षा खडक बरा." मी दोर माझ्याच बोटीत खाली टाकला. हे त्यांना आणि मलाच ठाऊक आहे. आम्ही दोघंही परतलो नाही, तर संध्याकाळच्या विमानाने येऊन तू दोघांसाठी रडशील. माझ्यासाठी रडण्याआधी हे वाच, म्हणून लिहिलं. पत्र तुझ्या आईच्या दाराखालून सरकवतो. निघालो, माझं दार ओढून घेतोय.

तू नाही म्हणालीस तरी तुझाच,
वॉरन