सरिताचे नऊ लक्स

८ डिसेंबर
आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाच्या पोरांना उजेड मोजायचा मीटर दिला होता. घरी जिथे बसून ड्रॉइंगची शीट काढता, तिथला भर दुपारचा उजेड मोजून आणा. सरिताने आणले नऊ लक्स. नऊ! यवतमाळच्या उन्हात! ड्रॉइंगला तीनशे तरी लागतात. वर्गासमोर झापलं, "आकडे मनानं बनवायचे असतील तर घरीच बस." लाल पेनाने शून्य.

११ डिसेंबर
सरिता तीन दिवस गायब. मैत्रीण म्हणाली, "थे आता कॉलेज सोडतो म्हणते, सर." कमाल आहे! एका शून्यावर? रविवारी मीटर घेऊन जातो. खोटेपणा तिच्या घरीच दाखवून देतो.

१४ डिसेंबर
घाटंजीच्या अलीकडे तिचा तांडा. घर पाहिलं आणि लगेच ओळखलं. नकाशा माझा! कॉलेजच्या जुन्या शिबिरात एका शेतकऱ्याला फुकट काढून दिलेला; तो तिचा बाप निघाला. उत्तरेची मोठी खिडकी. त्या खिडकीचं कौतुक मी अजून वर्गात सांगतो.

आत गेलो तर खिडकी दिसेना. आढ्यापर्यंत कापूस. भाव येईस्तोवर घरातच. भिंतीशी हातभर जागा, तिथे सरिताचा ड्रॉइंगबोर्ड. बटण दाबलं, होल्डरमध्ये बल्बच नाही.

तिची आई म्हणाली, "कापूस हाय तवर बल्ब काढून ठेवतो, सर. ठिणगी पडली त वर्साचं पीक जाते."

मीटर धरला. आठ. तिने तर एक जास्तच लिहिला होता. 'रेषा पुसट, हलगर्जीपणा' लिहून वर्षभर तिचे मार्क कापत आलो. कुठे फेडू हे?

सरिता वेचणीला गेलेली; तिला उद्या कॉलेजात पाठवा म्हणालो. निघताना बाप वर म्हणतो, "खिडकी झ्याक हाय सर तुमची. कापूस इकला का फागुनात लय उजेड येते."

१५ डिसेंबर
सरिता आली. सगळ्यांसमोर माफी मागितली, शून्य खोडलं. ती बसेचना.

"मार्काचं राहू द्या, सर. तुमच्या नकाशात कापूस कुठी ठेवाचा, थे सांगा."

जुना नकाशा काढला. सोफा दाखवलाय, दारातली कुंडीसुद्धा दाखवलीय. कापूस कुठेच नाही. कापसाच्या जिल्ह्यात जन्म गेला माझा.

खडू घेऊन फळ्यावर तिचं घर पुन्हा काढायला घेतलं, कापसाला जागा शोधत. घंटा झाली, पोरं गेली. उद्या येशील का, हे तिला विचारायचं राहिलंच.