ऑकलंडला पोचायला लागणारा वेळ

९ ऑगस्ट, पलूस
सकाळी जावयांचा फोन. एरवी अनिकेत आधी "आई, कशा आहात" विचारतात. आज नुसतं "आई". मुक्ताचं बाळ गेलं. मुलगी होती. आठवा नुकताच लागलेला, पोटातच...
माझं तिकीट पुढच्या महिन्याचं. बाळंतपणासाठी काढलेलं.
ह्यांनी फोन घेतला. "जावईबापू, आत्ता निघाली तर किती येळ लागंल?" बारा हजार किलोमीटर. सिंगापूरपर्यंत साडेपाच तास, तिथं थांबायचं, पुढं आणखी दहा. शिवाय पलूस ते मुंबई.
मागून मुक्ताचा आवाज आला, "आई येईपर्यंत तिला ठेवा."

१० ऑगस्ट
आज रात्रीचं तिकीट मिळालं. धाकटी जाऊ बॅग भरायला आली. "डिंकाचं लाडू कशाला न्हेताय आता, आक्का?" म्हटलं, बाळंतीण तर आहेच ना ती. जाऊ रडायला लागली. मी नाही.
हे गाडीनं मुंबईपर्यंत सोडायला आले. साताऱ्याला चहाला थांबलो. "तिच्यापुढं रडू नगंस," म्हणाले, नि स्वतःच पाठ फिरवून उभे राहिले.

११ ऑगस्ट, सिंगापूर विमानतळ
विमानात पहिल्यांदाच बसले. समोरच्या पडद्यावर एवढंसं विमान सरकतं, शेजारी उरलेले किलोमीटर. सारखी नजर तिथंच. पडदा बंद केला. परत लावला.
पुढचं विमान उशिरा सुटणार. कारण कळलं नाही. काउंटरवरच्या पोरीला मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, नात वाट बघतेय माझी. किती वर्षांची, तिनं हसून विचारलं.
बाकड्यावर येऊन बसले.

१२ ऑगस्ट, ऑकलंड
पोचले. लाडू विमानतळावर काढून घेतले, घरचं खाणं चालत नाही म्हणे. भांडले नाही. तशीच दवाखान्यात.
नर्सनं बाळ आणून हातात दिलं. गार. नाक मुक्ताचं. जावळ दाट. मुक्ता बाळाकडं नाही, माझ्याकडं बघत होती. "आई, काहीतरी बोल ना तिच्याशी."
"आले गं बाई," एवढंच म्हणाले.

१४ ऑगस्ट
मूठमाती दिली. लहान मुलांची जागा वेगळी आहे, उतारावर. थंडी फार. अनिकेतनं फोन धरला होता, पलीकडं हे. श्वास ऐकू येत होता.

१७ ऑगस्ट
मुक्ताला दूध येतंय. घाबरली बिचारी, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. घट्ट कापड बांधून दिलं. बांधताना माझ्या खांद्यावर डोकं टेकलं तिनं. ह्यांनी बजावलेलं माझ्याच्यानं झालं नाही.

३० ऑगस्ट
आता दोन घास जेवते. रोज उतारावर जाऊन येते.
आणखी दोन वर्षांनी कायमचं पलूसला यायचं, असं दोघांचं ठरलं होतं. आज भाजी निवडताना म्हणाली, "आई, तिला इथं एकटीला टाकून कशी येऊ गं?"
मी पानं खुडत राहिले.
संध्याकाळी ह्यांचा फोन. ती दोघं येणार म्हणून बांधलेल्या वरच्या खोलीच्या गिलाव्याला गवंडी मिळाला. "रंग कुठला पायजे, इचार पोरीला."
विचारते म्हणाले.