वर केलेले हात

सोलापूर, गुरुवार, मार्गशीर्ष, १९३४

सुधारशाळेतून सुटलेल्या सिद्रामला मी महिन्यापूर्वी माझ्या हातमागांवर घेतला. वय सतरा, दोनदा चोरीत धरलेला. पहिल्याच संध्याकाळी घरी जाताना तो दारात हात वर करून उभा राहिला. सुधारशाळेत रोज झडती व्हायची ना! मी ऐटीत म्हणालो, "इथं कुणाची झडती होत नाही." त्याचा चेहरा पडला. का, हे तेव्हाच विचारायला हवं होतं.

रोज तो हात वर करायचा, रोज मी हसून घालवायचो. आज मात्र हलेना.

"एकदा तपासा की, मालक."

वैतागून त्याचा सदरा चाचपला, तर कमरेला खोचलेला, मागावर आडवं सूत नेणारा धोटा निघाला.

"का घेतलास रे?"

"कुणी तपासंना, तवा मी चोर हाय का न्हाय, माझं मलाच कळंना. लई भ्या वाटायचं. आता बरं वाटतंय."

खरंच, चेहरा निवला होता त्याचा. मी भ्यालो ते त्या चेहऱ्याला. धोट्याचं काय एवढं?

"उद्याबी तपासताल न्हवं?"

नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हटलं, तर उद्या काय उचलील, कुणाचं उचलील?

मी हो म्हणालो, तेव्हा कुठे त्यानं हात खाली घेतले.