बाबांच्या खिशातला फोटो

मिठबाव, रविवार, १२ मे १९६३

सकाळी धाकट्या बहिणीने, शालूने माझी ट्रंक उपसली आणि तो फोटो बाबांच्या पायाशी पडला. इंग्लंडात इस्पितळातून सुट्टी मिळाली की आम्ही नर्स मुली पोहायच्या तलावावर जातो, तिथला. आखूड कपड्यांत, उघड्या पायांनी उभी राहून मी हसतेय. बाबांनी फोटो पाहिला, सदऱ्याच्या खिशात घातला आणि बंदरावर निघून गेले.

दिवसभर एकच धास्ती. इंग्लंडला परत जाऊच दिलं नाही तर? आई म्हणाली, "कित्याक गो हाडलंस तो फोटो?" मी मुद्दाम आणला का? कपड्यांत राहिला होता.

संध्याकाळी बाबा आले. फोटो खिशातच. ओसरीवर बसून विचारलं, "तुका पेवूक येता?"

"येतं पोहायला. तिथल्या मैत्रिणीने शिकवलं."

बाबा म्हणाले, "होडी उलाटली तेव्हा माझी भैण माझ्यासमोर बुडाली. चेडवांक पेवूक कोण शिकयता? फाल्यां शालूक घेवन दर्यार जा."

"उद्या मुलींना पोहताना लोक बघतील, बाबा."

"बघूंदेत."

आता वेगळीच धास्ती. तलावात माझे पाय तळाला टेकतात. समुद्रात मी कधी पोहलेच नाही, आणि हे बाबांना सांगितलं नाही. शालू तर आताच परकर खोचून बसलीय. सांगायलाच हवं. जेवायला बसायच्या आधी.