तडा गेलेलं चाक

अण्णा,

आज सकाळी इंदिरानगरच्या रस्त्यावर माझ्या गाडीचं पुढचं चाक खड्ड्यात आदळलं. टायर फुटला, रिम वाकली. टायरवाल्याने चाक फिरवून दाखवलं आणि म्हणाला, हे ठोकून पुन्हा लावू नका, बदला. मी सरी, बरं, म्हटलं आणि बदलून घेतलं. अर्ध्या तासाचं काम. घरी आल्यापासून मात्र माझं डोकं फिरलेलं आहे, आणि ते खड्ड्यावर नाही की रस्ता करणाऱ्यांवर नाही, तुमच्यावर. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी हा राग जात नाही, याचाही मला राग येतो.

सत्तावन्न साल असेल. मी एकोणीस वर्षांची, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. पुढे शिकायला पुण्याला मामाकडे जायचं ठरलं होतं, तुम्हीच मामाला पत्र घातलं होतंत. जाण्याआधी गाडी शिकून घे, असंही तुम्हीच म्हणालात. त्या रविवारी मल्लेश्वरमहून निघायचं तर एक टायर बसलेला. तुम्ही डिकीतून स्टेपनी काढलीत, पुढे डाव्या बाजूला लावलीत, हात पुसलेत आणि मला स्टिअरिंगवर बसवलंत. आई मागे, मांडीवर तिची कापडी पिशवी. हलसूरच्या अलीकडे रस्ता पार उखडलेला आहे. मी जपून चालवते आहे, तुम्ही शेजारून "घाई नको, क्लच सोड आता" म्हणता आहात, आणि डावं चाक खड्ड्यात जातं. एरवी दणका बसून गाडी पुढे गेली असती. त्या दिवशी कडकन आवाज झाला, चाक तुटून निखळलं आणि गाडी फरफटत जाऊन गटाराच्या दगडी कठड्यावर आदळली. आई पुढच्या सीटवर आपटली. तिचा उजवा हात कोपरात मोडला.

हॉस्पिटलात तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत, "मुलगी चालवत होती. खड्डा दिसला नाही तिला." मग शेजाऱ्यांना तेच, कारखान्यातल्या मित्रांना तेच, आईला भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तेच. इतक्या सहज सगळं खापर माझ्या डोक्यावर फोडलंत, की कोणाला तुम्हाला उलट काही विचारावंसंही वाटलं नाही. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर मान खाली घालून बसायचे. तुमची वाक्यं मला पाठ झाली होती.

चार दिवसांनी आईची पिशवी आणायला मी बसने इथल्या शिवाजीनगरला गेले. गाडी तिथे तुमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे ओढून नेली होती. दाढी पिकलेला माणूस, तुम्हाला साब म्हणायचा. मी त्याला म्हटलं, माझ्यामुळे झालं हे सगळं. त्याने तुटलेलं चाक उचलून माझ्यासमोर धरलं आणि नटाच्या भोकापाशी बोट ठेवलं. तुटलेल्या कडेचा थोडा भाग पांढरा लखलखीत होता, बाकीचा तांबूस, गंजलेला. "ये नवा नै, बेटी, पुराना है. जंग देखो," तो म्हणाला. "पिछले महीने साब लेको आए थे, गढे में गिरा बोलको. मैं बोल्या था साब कू, तडका है, ये चक्का नक्को डालो."

आता सांगा, अण्णा. कारखान्याच्या तपासणी खात्यात तुम्ही काय करत होतात? विमानाचा एखादा भाग तुटला की तो हातात घेऊन, हा कधीपासून तुटत होता, हे सांगायचा तुम्हाला पगार मिळत होता. जेवणाच्या टेबलावर मोडकी बिजागरी ठेवून तुम्हीच मला शिकवलं होतंत की ताजी मोड चकचकीत असते आणि जुन्या तड्यात गंज शिरतो. केसाएवढ्या फरकासाठी दुसऱ्यांचा माल परत पाठवणारा माणूस घरच्या गाडीला तडा गेलेलं चाक लावतो, त्यावर बायको-मुलीला बसवतो, आणि वर मुलीला खड्डा दिसला नाही म्हणून सांगत फिरतो. लाज कशी वाटली नाही तुम्हाला?

मी विचारलं होतं, आठवतं का? आई घरी आली त्या आठवड्यात, रात्री नाही, दुपारच्या जेवणाला. मी म्हटलं, "मिस्त्री म्हणत होता, तडा जुना होता." तुम्ही ताटातून वर न बघता म्हणालात, "हातोडा मारणाऱ्याला काय कळतं त्यातलं?" मी काही बोलणार तेवढ्यात आई म्हणाली, "साकू गं, पुरे आता. जेवताना नको ते विषय." ती डाव्या हाताने चमच्याने भात खात होती.

तिचा हात पुढे कधी सरळ झालाच नाही. पोळी लाटता येईना, डोक्यापर्यंत हात पोचेना. एकदा चहा पिताना तुम्ही म्हणालात, "आता हिचं कोण बघणार?" आणि माझ्याकडे पाहिलंत. मी पुण्याचं नाव पुन्हा काढलं नाही. मामाला तुम्ही परस्पर कळवून टाकलंत. त्यानंतर अकरा वर्षं, ती जाईपर्यंत, रोज सकाळी मी तिची वेणी घातली. गाडीच्या किल्ल्या तुम्ही कपाटात ठेवल्यात. मी पुन्हा गाडी शिकले ती चाळिशीत, तुम्ही गेल्यावर.

वर लिहिताना एक गोष्ट मी गाळली. मिस्त्री तेवढ्यावर थांबला नव्हता. पिशवी माझ्या हातात देताना तो म्हणाला, "अम्मा बी बैठे थे गाडी में उस दिन. उनों बी सुने." म्हणजे महिनाभर आधीपासून आईला माहीत होतं. त्या रविवारी तुम्ही तेच चाक लावत होतात तेव्हा ती फाटकाशी उभी राहून बघत होती, आणि नवऱ्याला चारचौघांत काय म्हणायचं म्हणून मूग गिळून गाडीत बसली. नंतरही तिने ब्र काढला नाही, मी पुण्याला जाणं सोडलं तेव्हासुद्धा नाही. वेणी घालताना तिची पाठ माझ्याकडे असायची. मला रोज वाटायचं, तोंड बघावं लागत नाही, आज तरी म्हणेल की तुझं काही चुकलं नव्हतं. ती म्हणायची, "स्वल्प हळू, ओढतंय."

हे पत्र तिला लिहायला हवं. आज दोनदा कागद पुढे घेतला, "आई" लिहिलं आणि फाडून टाकलं. तुमच्यावर रागावणं मला सोपं जातं, म्हणून तुम्हाला लिहीत बसले.