पंखा बंद ठेवण्यामागची भूमिका

डोंबिवली पूर्व,
मे महिन्यातला एक उकडणारा सोमवार

आदरणीय रवींद्रराव,

आपल्या धाकट्या भगिनीच्या यजमानांचा, म्हणजे या राजरत्नचा, घामेजलेला परंतु मनःपूर्वक जयभीम.

आपल्या उजव्या गुडघ्याचे सध्या काय म्हणणे आहे? नौपाड्यातल्या डॉक्टरांनी जिने वर्ज्य केल्यापासून आपले आमच्या चौथ्या मजल्यावर येणे झाले नाही, हे मी समजू शकतो. (आमच्या इमारतीला लिफ्ट आहे आणि ती चालते. ही माहिती केवळ माहिती म्हणून देत आहे.) वहिनींची प्रकृती बरी असावी. हे सारे व्हॉट्सअ‍ॅपवर कळवता आले असते. परंतु माझे संदेश आपण न वाचता एका बाजूला जपून ठेवता, असे चि. सलिलने बोलता बोलता सांगितले. आपल्या मुलाच्या सत्यप्रियतेचे मला कौतुक वाटते. म्हणून हा कागद त्याच्याच हाती देत आहे. पत्र लिहिण्याचे कारण शेवटी सांगेन, कारण पार्श्वभूमीवाचून कारण समजत नाही, असा माझा भौतिकशास्त्र शिकवतानाचा अनुभव आहे.

या उन्हाळ्यात आमच्या दिवाणखान्यात ओळीने तीन रविवार घरगुती मैफली करण्याचे मी योजले, हे आपणांस ठाऊक आहे. पहिल्या दोन मैफली पाहुण्या कलावंतांच्या, आणि तिसरी, जिच्यासाठी हा सारा खटाटोप मांडला, ती आपल्या भगिनीची, म्हणजे दर्शनाची. कल्याणच्या बाईंकडे ती किती वर्षे गाणे शिकते आहे, ते आपण जाणताच. मात्र चार माणसांसमोर बसून ती आजवर एकदाही गायलेली नाही. तिचे श्रोते म्हणजे स्वयंपाकघरातले डबे आणि बाहेर वर्तमानपत्र उलगडून बसलेला मी. येत्या रविवारी ती माणसांसमोर गाणार होती. 'होती' या क्रियापदाकडे आपले लक्ष वेधतो आणि पुढे जातो.

पहिल्या रविवारी टिटवाळ्याहून जयेश नावाचा तरुण बासरीवादक आला. मैफल सहाला होती. सहाला मी भूमिका विशद करण्यास उभा राहिलो. आपल्याकडे भूमिका विशद केल्याशिवाय ग्रंथालयाचे नवे कपाटसुद्धा उघडत नाहीत, मग बासरी कशी उघडावी? बासरीच्या नळीतली हवा कशी कंप पावते, भोक मोकळे केले की स्वर वर का जातो, हे मी फळ्यावर आकृतीसह मांडले. जयेश जे वाजवणार होता त्याचा नमुना श्रोत्यांना आधी कळावा म्हणून एका ज्येष्ठ वादकाचे ध्वनिमुद्रण स्पीकरवर ऐकवले. (ते ऐकताना जयेशचा चेहरा उतरलेला दिसला. ही विनयाची खूण आहे.) आणि पंखा बंद केला. पंखा बंद करण्यामागे शास्त्र आहे. आमच्या पंख्याची घरघर बासरीच्या षड्जाच्या अगदी जवळ, पण किंचित खाली पडते. असे दोन जवळचे आवाज एकत्र आले की कानात एक थरथर निर्माण होते आणि स्वराची शुद्धता जाते. हे मी श्रोत्यांना पंखा आळीपाळीने चालू आणि बंद करून पटवून दिले. दर वेळी तो चालू झाला की श्रोते आनंदत आणि बंद झाला की गंभीर होत. इतका सजग श्रोतृवर्ग मी शाळेतही पाहिला नव्हता.

जयेशने मध्येच विचारले, "सर, मी वाजवू का आता? मला टिटवाळ्याला परत पण जायचंय." मी अनुमती दिली. त्याने बासरी ओठांना लावली आणि त्याच क्षणी इमारतीत पाणी सुटले. रवींद्रराव, रसिकतेची खरी परीक्षा नळाला पाणी आल्यावर होते. आलापीचा पहिला स्वर आणि आमच्या मजल्यावरच्या बादल्यांचा पहिला नाद एकत्रच उमटला. श्रोते ज्या चपळाईने उठले, ती पाहता त्यांना उकाड्याने ग्लानी आली होती, हा दर्शनाचा आरोप टिकत नाही. उरलो मी, दर्शना आणि समोरच्या शांताबाई. शांताबाईही उरल्या, कारण त्यांची सून घरी होती.

दुसऱ्या रविवारी मी सुधारणा केल्या. श्रोत्यांना दाद देता येत नाही, हे माझ्या लक्षात आले होते, म्हणून मी माहितीपत्रके छापून घेतली. कोणत्या जागी मान हलवावी, कोणत्या जागी मांडीवर हात मारावा, 'वा' कधी म्हणावे आणि 'क्या बात है' कशासाठी राखून ठेवावे, हे त्यांत सोदाहरण दिले होते. पंखा अर्थातच बंद. समस्त श्रोत्यांनी माझ्या माहितीपत्रकांची एकमताने घडी घातली आणि वारा घेण्यास प्रारंभ केला. त्या फडफडीपुढे पंख्याची घरघर म्हणजे मौनव्रतच म्हणायचे. आणखी एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. या वेळी निम्मे लोक उशिरा, बरोबर कैरीचे पन्हे फिरू लागले तेव्हा आले. इमारतीच्या ग्रुपवर शांताबाईंनी 'गाणं पन्ह्यानंतर आहे' असे कळवले होते म्हणे. नागरिकांचे परस्पर सहकार्य पाहून ऊर भरून येतो.

गायिका होती कल्याणची कल्पिता, दर्शनाच्या बाईंचीच शिष्या, तबल्यावर चिराग. विलंबित ख्याल सुरू झाला आणि मान्य करतो, मुलीने जमवले. हळूहळू कागदांची फडफडसुद्धा थांबली. आता विलंबितात सम येण्यास बराच अवकाश असतो. ती वळणे घेत घेत समेकडे निघाली, लोकांच्या माना तिच्यामागून निघाल्या, काहींनी श्वास धरला, आणि माझ्या ध्यानात आले की सम म्हणजे काय हे यांपैकी कित्येकांना ठाऊक नाही. अज्ञानात आनंद घेऊ देणे हे शिक्षकाला शोभत नाही. मी हात वर करून म्हणालो, "क्षणभर थांबा."

ती थांबली. चिरागचा उजवा हात हवेत राहिला. मी समजावले की ताल हे एक वर्तुळ आहे. गायक दूरवर फिरून येतो आणि ज्या घरातून निघाला त्याच घरात पाऊल टाकतो, ते पाऊल म्हणजे सम. फळ्यावर वर्तुळ काढले, घर काढले, घराला उंबरठा काढला. काढता काढता इतर तालांचीही घरे निघाली. शेवटी चिरागने मला विचारले, "सर, कुठल्या मात्रेपासून घेऊ?" तबलजीने हा प्रश्न मला विचारावा, यावरून माझे विवेचन त्याच्यापर्यंत पोहोचले होते, हे उघड आहे. तेवढ्यात शांताबाई मागून म्हणाल्या, "सर, ती पोर उंबरठ्यावर कधीची उभी आहे हो. येऊ द्या तिला घरात."

सारा दिवाणखाना हसला. सर्वांत मोठी दाद शांताबाईंना मिळाली, तीही माहितीपत्रकातल्या कोणत्याच प्रकारात न बसणारी. कल्पिताही हसली, पण त्यानंतर तिने ख्याल आवरता घेतला. दर्शना तेवढी हसली नाही. लोक गेल्यावर तिने आपल्या तानपुऱ्याला गवसणी घातली, तो कपाटामागे उभा केला आणि म्हणाली, "पुढच्या रविवारी तुम्हीच बोला. मी पन्हं देते."

हे सभाभीतीचे लक्षण आहे, असे माझे निदान आहे. सभाभीतीत तोंडाला कोरड का पडते, हे मी तिला त्याच रात्री सविस्तर सांगितले. उपयोग झाला नाही. आज सकाळी स्वयंपाकघरातून गुणगुणणे आले नाही. दुपारी कुकरने शिट्ट्या दिल्या, त्यांचे स्वरस्थान मी मनाशी ठरवून पाहिले, परंतु त्यात मन रमेना. वर्तमानपत्र मात्र अक्षर न अक्षर वाचून झाले. इतक्या शांततेत ते पहिल्यांदाच वाचले आणि त्यात वाचण्यासारखे फारसे काही नसते, असे दिसून आले.

तर अशी आमची खुशाली. वहिनींना जयभीम सांगावा, आणि गुडघ्याला माझ्या वतीने शुभेच्छा.

आपला,
राजरत्न

ता. क. कारण सांगायचे राहिले. येत्या रविवारी आपला नौपाड्यातला दिवाणखाना मिळेल काय? आमच्या इमारतीच्या सचिवांनी मैफलींबद्दल तक्रार आल्याचे कळवले आहे. तक्रार गाण्याची नसून 'इतर आवाजाची' आहे, असे ते म्हणाले. इतर आवाज कोणता, हे विचारूनही त्यांनी स्पष्ट केले नाही. संदिग्ध भाषा हा आपल्या गृहसंस्थांचा जुनाच रोग आहे.

आणखी ता. क. दर्शनाचे मन वळवावे. आपले ती ऐकते. मीही पुष्कळ बोललो आहे, पण बहुधा मुद्दे सुटे सुटे मांडले गेले. फळा मी सोबत आणीन.

दादा, हे पत्र सलिलकडे देण्याआधी 'शुद्धलेखन बघ' म्हणून माझ्या हातात दिलंय. शुद्धलेखन ठीक आहे. हॉल तयार ठेव, मी गाणार आहे. बाईंना आणि कल्पितालाही बोलावलंय, शांताबाई तर येणारच. फक्त यांना तुमच्या गल्लीच्या तोंडाशी उभं कर. येणाऱ्यांना तुझं घर कुठे ते कोणीतरी समजावून सांगायला हवंच ना? फळा आणला तर खालीच ठेवून घे. — दर्शना

अखेरचा ता. क. वरील मजकूर वाचला. गल्लीच्या तोंडाशी उभा राहीन. आपला पत्ता फार सोपा आहे, त्यात समजावण्यासारखे काही नाही. म्हणजे मी बराच वेळ गप्प असेन. दिवाणखान्याची रस्त्याकडची खिडकी तेवढी उघडी ठेवा.

पंखा चालू असला तरी चालेल.